मदत हवी आहे: शेळी शॉकमध्ये (रक्त कमी पडून शरीर कोसळायला लागणं) चाललीय हे नुसत्या हातानं कसं ओळखायचं?

नमस्कार. तुळजापूर तालुक्यात आमच्या कोठ्यात २२ उस्मानाबादी शेळ्या आहेत. गेल्या आठवड्यात पहाटे मोकाट कुत्री शिरली आणि एका गाभण शेळीच्या मांडीला चावली. जखम म्हणजे दाताची चार भोकं. रक्त थांबलं, शेळी उठून उभी राहिली, पुढं टाकलेला सुबाभळीचा पालाही तिनं तोंडात धरला. वाटलं, वाचली. जखम धुऊन हळद दाबली आणि डेअरीला दूध घालायला गेलो. दीड तासानं आलो तर भिंतीला टेकलेली, मान खाली, कान गार, हाक मारली तरी बघेना. पाला तसाच ओठात होता, चघळलाच नव्हता. डॉक्टर पोचायच्या आत गेली. पोटात दोन करडं होती.

डॉक्टर म्हणाले, आतून मांस फाटून रक्त आतच साचलं, शॉकनं गेली. माझं चुकलं कुठं ते मला समजून घ्यायचंय. हिरड्या बघा म्हणतात, पण आमच्या शेळ्यांच्या हिरड्याच काळ्या. छातीचे ठोके तर कुत्र्याला बघूनही वाढतात. आणि आमच्याकडच्या उन्हात गार कान कसा कळणार? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (पशुवैद्यक, परभणी):
दादा, वाईट वाटलं. शेळी उभी होती कारण शरीरानं सावरून धरलं होतं. रक्त कमी झालं की कान, पाय, कातडीकडचा पुरवठा आवळला जातो आणि उरलेलं रक्त हृदय-मेंदूकडं वळतं. हे फार वेळ टिकत नाही. ३० किलोच्या शेळीत रक्तच जेमतेम २ लिटर, त्यातलं अर्धा-पाऊण लिटर मांसात गेलं तरी बाहेरून नुसती सूज दिसते.

काळ्या हिरड्या सोडा, खालची पापणी ओढून आतला रंग बघा. गुलाबी हवी, पांढरट पडली की धोका. उजेड मोबाईलचा पांढरा घ्या, पिवळ्या बल्बखाली फिकटपणा कळत नाही. हिरडीवर गुलाबी जागा सापडली तर बोटानं दाबून सोडा, २ सेकंदांत रंग परतायला हवा.

नाडी मांडीच्या आतल्या बाजूला लागते. शांत शेळीची मिनिटाला ७० ते ९०. घाबरल्यानं वाढलेली नाडी जोरकस लागते आणि शांत जागी उभं केलं की १०-१५ मिनिटांत उतरू लागते. शॉकमधली उतरत नाही, बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक होत जाते. म्हणून एकदा मोजून भागत नाही, दर १० मिनिटांनी वहीत लिहा. कानासाठी शेळी सावलीत घ्या आणि शेजारच्या धडधाकट शेळीच्या कानाशी ताडून बघा. गुदद्वारातलं तापमान १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट ठीक, १०० च्या खाली गेलं तर थांबू नका.

आणि तो न चघळलेला पाला. माझ्या मते तुमच्या शेळीनं दिलेली पहिली खूण तीच होती.

पुढं असं काही दिसलं तर लगेच १९६२ ला (जनावरांच्या उपचाराची सरकारी हेल्पलाइन) फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, भिजलं तरी ते न काढता वरून दुसरं ठेवा. तोंडातून पाणी, तेल काही पाजू नका, गुंगीत ते फुप्फुसात जातं. सलाईन शिरेतूनच हवं, शॉकमध्ये कातडीखालचं नीट शोषलं जात नाही. जखम उघड्या हातानं धुतली असेल तर तुम्ही स्वतः दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा, आजच.

मूळ धागाकर्ता:
डॉक्टर, दवाखान्यात जाऊन आलो, लस सुरू केली. संध्याकाळी एका शेळीची नाडी मोजायला बसलो. बोट कुठं ठेवायचं ते सापडायलाच पाव तास गेला, मग ८४ आली. आता सगळ्यांची लिहून ठेवतोय. पण दोन गाभण शेळ्यांची ९६ आणि ९८ आली, काळजीचं आहे का?

प्रतिसाद (पशुवैद्यक, परभणी):
नाही. दिवस भरत आले की थोडी वाढतेच. रवंथ करत असतील, पापणी गुलाबी असेल तर निर्धास्त राहा. त्यांचे हेच आकडे जपून ठेवा, पुढं कधी गरज पडली तर ताडून बघायला लागतील.