मदत हवी आहे: १२० गुलाबी साड्या, पण तपासणी कोण करणार?

मलप्रभा:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका गावात आमचा बचत गट आहे. आसपासच्या गावांतले गट धरून आम्ही सव्वाशेक बायका होतो. ऑक्टोबर हा स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, म्हणून बेळगावच्या एका साडी दुकानाचा माणूस येऊन गेला. सगळ्या गटांनी मिळून १२० गुलाबी साड्या घ्यायच्या आणि त्या नेसून फेरी काढायची. बॅनर, फोटो, नाश्ता त्यांचा. साडी ६५० रुपयांची, दर साडीमागे १० रुपये 'कॅन्सरसाठी'. म्हणजे आम्ही ७८,००० मोजायचे आणि त्यातले १,२०० कॅन्सरला. ते कुणाला देणार, पावती मिळेल का, असं विचारलं तर म्हणाला, "जागृतीलाच लागतात ताई, बॅनर त्यातूनच होतात."

निम्म्या जणी तयार आहेत. त्यांना मी बोल लावत नाही, नवरात्रात साडी घेतोच आपण. पण माझ्या तोंडून हो निघत नाही, ते माझ्या मोठ्या जाऊबाईंमुळे.

गेल्या वर्षी अशाच एका फेरीला आम्ही टेम्पो भरून बेळगावला गेलो होतो. टोपी, या जागृतीची खूण असलेली गुलाबी रिबीन, कापडी पिशवी मिळाली. 'वेळेवर तपासून घ्या' असं प्रत्येक जण माइकवरून सांगत होता, पण तपासायला तिथे कुणी नव्हतं. पत्रक कन्नड आणि इंग्रजीत. जाऊबाईंना तेव्हाच डाव्या बाजूला चिंचोक्याएवढी गाठ लागत होती. दुखत नव्हती, म्हणून त्या कुणाला बोलल्या नाहीत. न दुखणारी गाठसुद्धा दाखवा, असं त्या पत्रकात छापलेलं होतं. ते त्यांच्या मुलीने फार उशिरा वाचून दाखवलं. सुगी झाली, मळणी झाली. शिमग्याच्या सुमाराला त्यांनी सांगितलं, तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही लागत होती. आधी केमो, मग ऑपरेशन, आता रेडिएशन चालू आहे. त्या रिबीन छापलेल्या पिशवीत आता त्यांच्या फायली असतात, बीपीएल कार्ड असतं आणि बसमध्ये उलटी आली तर लागणारा टॉवेल.

आणखी एक जण मागे लागलाय. हात न लावता, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ४०० रुपयांत तपासणी, मग म्हणे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करायला नको. बायकांना हे पटतंय, कारण लाज वाटते. ही तपासणी खरी का? दुकानदाराला नेमकं काय विचारायचं? आणि गावातच डॉक्टर किंवा नर्सकडून तपासणी करून घ्यायची तर कुणाला भेटायचं? कृपया सांगा, नवरात्र तोंडावर आलंय.

तवंदी घाट:
ताई, मी निपाणीकडे नर्स आहे. आधी कॅमेऱ्याचं. त्यात पैसे घालू नका. थर्मोग्राफी ही मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अनेकदा दिलाय. फोटो चांगला आला म्हणून बाई निर्धास्त राहते, आणि धोका तोच असतो.

हाताने केलेल्या तपासणीला कमी समजू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि रोगही लवकरच्या टप्प्यात सापडला. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी आहेच, आणि ती फुकट आहे. तुमच्या आशाताईंना घेऊन पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना भेटा, गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, बाई तपासनीसच हवी असं त्यात लिहा. आडोशाची खोली तुम्ही द्या. आणि एक गोष्ट आधी ठरवा: गाठ लागलीच तर पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी कुठे, आणि तिच्यासोबत जाणार कोण? हे ठरलेलं नसलं की बाई घाबरून घरी बसते. मी हे पाहिलंय.

जुना बेळगावकर:
वहिनी, तुम्ही विचारताय तेच ही रिबीन निघाली तेव्हाही एका बाईने विचारलं होतं. शार्लट हेली, कॅलिफोर्नियातल्या. त्यांच्या घरात हा आजार होता. फिक्या केशरी, पीच रंगाच्या रिबिनी त्या घरी बनवून वाटत. सोबतच्या कार्डावर लिहिलेलं असे की अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १.८ अब्ज डॉलरच्या बजेटातले फक्त ५ टक्के रोग टाळण्यावर खर्च होतात. १९९२ मध्ये एक मासिक आणि एक सौंदर्यप्रसाधनांची कंपनी ती रिबीन मागायला आली. हा धंदा होईल म्हणून बाईंनी नकार दिला. मासिकाच्या वकिलांनी रंग बदलायला सांगितलं, आणि गुलाबी रिबीन आली.

दुकानदाराकडून चार गोष्टी लिहून घ्या: दर साडीमागे किती, कोणत्या संस्थेला, कोणत्या तारखेपर्यंत, आणि एकूण रकमेला वरची मर्यादा आहे का. तोंडी काही नको.

मलप्रभा:
दोघांचे मनापासून आभार. आज आशाताईंना घेऊन पीएचसीत जाऊन आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, दिवाळीनंतरचा मंगळवार देते, पण निदान ४० जणी जमवा. २३ नावं झाली आहेत. पहिलं नाव आमच्या सासूबाईंनी स्वतःहून दिलं. त्या अठ्ठावन्नच्या आहेत, आजवर कधी डॉक्टरला अंग दाखवलेलं नाही.

दुकानदाराला चारही प्रश्न लिहून पाठवलेत. साडी ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावी, गटाच्या नावाने फेरी नाही, एवढं बैठकीत ठरलं.

आता एकच अडलंय. लक्षणांचं मराठी पत्रक कुणाकडे आहे का? मोठ्या अक्षरांतलं, चित्रांसह. गाठ, काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून पाणी किंवा रक्त येणं, एवढं त्यात असलं तरी पुरे. झेरॉक्स आम्ही काढू.