‘सेंटर’ आणि ‘मिडल’ यांत नेमका फरक कोणता?

लेखणी (प्रश्न)

मी एका माहितीपर इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद तपासत आहे. मूळ पुस्तकात ‘सेंटर’ आणि ‘मिडल’ हे दोन्ही शब्द वारंवार येतात आणि अनुवादात दोन्हींसाठी सरसकट ‘मध्य’ हाच शब्द योजलेला आहे. काही ठिकाणी ते खपून जाते. परंतु ‘सेंटर ऑफ अटेन्शन’चे ‘लक्षाचा मध्य’ झाले की वाक्य कानाला खटकते. शब्दकोश दोन्ही शब्दांना समानार्थी म्हणतात, आणि टेबल ‘इन द मिडल ऑफ द रूम’ आहे असे म्हणा किंवा ‘इन द सेंटर ऑफ द रूम’ आहे असे म्हणा, दोन्ही शुद्धच आहे. मग ‘इन द सेंटर ऑफ द नाईट’ असे कोणी का म्हणत नाही? यामागे काही तत्त्व आहे की ही केवळ रूढी आहे? शिवाय ‘सेंटर’च्या स्पेलिंगच्या शेवटी ‘ई-आर’ लिहावे की ‘आर-ई’, हेही कृपया सांगावे.

कर्कटक

स्पेलिंगचे उत्तर सोपे आहे. अमेरिकी लेखनात ‘ई-आर’ आणि ब्रिटिश लेखनात ‘आर-ई’ अशी पद्धत आहे, आणि अर्थात काहीही फरक पडत नाही. एका पुस्तकात एकच पद्धत पाळावी, एवढेच.

मुख्य प्रश्नात रूढीचा वाटा आहेच, पण त्या रूढीच्या मुळाशी एक स्वच्छ कल्पना आहे. ‘मिडल’ला दोन टोके लागतात आणि ‘सेंटर’ला सभोवताल लागतो. भूमितीत आपण रेषाखंडाचा मध्यबिंदू म्हणतो आणि वर्तुळाचे केंद्र म्हणतो. वर्तुळाचा मध्यबिंदू किंवा रेषाखंडाचे केंद्र असे कोणी लिहिले, तर शिक्षक लाल शाईने खूण करतील. इंग्रजीतला भेद बहुतांशी हाच आहे. फुटबॉलच्या मैदानाची आखणी पाहिली की तो डोळ्यांसमोर उभा राहतो. मैदानाचे दोन भाग करणारी जी रेषा असते, तिच्या मध्यबिंदूला नियमावलीत ‘मिडपॉइंट’ म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी जी खूण करतात तिला ‘सेंटर मार्क’ असे नाव आहे, कारण तिच्याभोवती 9.15 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखायचे असते. जागा एकच आहे, पण रेषेच्या नात्याने तिला एक नाव आणि वर्तुळाच्या नात्याने दुसरे.

रात्रीला सुरुवात असते आणि शेवट असतो, परीघ नसतो. म्हणून तिथे ‘मिडल’च हवे. आठवडा, रांग, गोष्ट, भाषण या सगळ्यांचे तसेच आहे. इतिहासातील ‘मिडल एजेस’ हे प्राचीन आणि आधुनिक काळांच्या दरम्यान येते, ‘मिडल क्लास’ वरच्या आणि खालच्या वर्गांच्या दरम्यान. दोघांच्या भांडणात जो बिचारा सापडतो तो ‘कॉट इन द मिडल’ असतो. याउलट ज्याच्याकडे सगळ्या बाजूंनी नजरा वळतात तो ‘सेंटर ऑफ अटेन्शन’ असतो. तिथे मराठीत ‘सर्वांच्या आकर्षणाचे केंद्र’ हा शब्दप्रयोग तयारच आहे. खोलीला दोन्ही कल्पना लागू पडतात, म्हणून खोलीच्या बाबतीत दोन्ही शब्द चालतात. तरीही ‘सेंटर’ म्हटले की जागा अधिक नेमकी वाटते, आणि ‘मिडल’ म्हटले की भिंतींपासून दूर, साधारण मधोमध, एवढेच कळते.

मूळशोध

कर्कटक यांचे म्हणणे व्युत्पत्तीनेही पटते. ‘सेंटर’ हा शब्द ग्रीक ‘केन्त्रॉन’वरून लॅटिनमार्गे आला. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ अणकुचीदार टोक किंवा पराणी असा होता, आणि त्यावरून तो कंपासच्या रोवलेल्या टोकाला लावला गेला. म्हणजे ‘सेंटर’च्या जन्मातच वर्तुळ आहे. आपला ‘केंद्र’ हा शब्दही त्याच ग्रीक शब्दापासून, ग्रीक ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. कुंडलीतील पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानांना केंद्रस्थाने म्हणतात, तो शब्द तिथलाच आहे.

‘मिडल’ मात्र मुळात जर्मानिक कुळातला शब्द असून तो आपल्या ‘मध्य’चा दूरचा नातलग आहे. त्यामुळे अनुवाद करताना ‘सेंटर’साठी आधी ‘केंद्र’ आणि ‘मिडल’साठी आधी ‘मध्य’ लावून पाहावे, ही सूचना निव्वळ सोयीची नाही. त्या जोड्या खरोखरच एकाच रक्ताच्या आहेत.

मुद्रितशोधक

दोन गोष्टी या चौकटीत सहजी बसत नाहीत, त्या नोंदवणे आवश्यक वाटते. रस्ता लांबट असतो, तरीही त्यावर आखलेल्या रेषेला ‘सेंटर लाइन’ म्हणतात, आणि रस्त्यात बंद पडलेली गाडी मात्र ‘इन द मिडल ऑफ द रोड’ उभी असते. माझ्या मते इथे मोजमाप निर्णायक ठरते: रेषा दोन्ही कडांपासून मोजून आखलेली असते, गाडी कुठेही थांबलेली असते. दुसरी गोष्ट संगणकावरची आहे. सादरीकरणाच्या प्रसिद्ध ‘पॉवरपॉइंट’मध्ये आकृती आडव्या दिशेने मधोमध आणायची आज्ञा ‘अलाइन सेंटर’ आहे, तर उभ्या दिशेने आणायची ‘अलाइन मिडल’. दोन आज्ञांना दोन वेगळी नावे हवीत म्हणून ठरवलेला हा संकेत आहे. त्यातून शब्दार्थाचा नियम काढू नये.

‘शॉपिंग सेंटर’, ‘कॉल सेंटर’ यांत तर जागेचा संबंधच उरलेला नाही. शहराबाहेर माळरानावर असले तरी ते ‘सेंटर’च, कारण तिथे एक विशिष्ट काम एकवटलेले असते.

लेखणी

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आणखी एक शंका आहे. मूळ पुस्तकात ‘द डिबेट सेंटर्स अराउंड…’ अशी वाक्यरचना आहे. केंद्र हा एक बिंदू असताना तो कशाच्या ‘भोवती’ कसा असेल?

कर्कटक

हाच आक्षेप इंग्रजीतील काटेकोर लेखक घेतात आणि ‘सेंटर ऑन’ लिहावे असा आग्रह धरतात. तरीही ‘सेंटर अराउंड’ चांगल्या लेखकांच्या लेखनातही रुळलेले आहे, त्यामुळे त्याला अशुद्ध म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र स्वतः औपचारिक इंग्रजी लिहिताना मी ‘ऑन’च वापरेन. अनुवादात ही अडचण येतच नाही, कारण ‘चर्चा या प्रश्नाभोवती फिरते’ असे आपण सहज लिहितो आणि त्यात फिरणारी चर्चा असते, केंद्र स्थिरच राहते.

मूळशोध

‘मिडल’च्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी ‘मध्य’ आणू नये. ‘इन द मिडल ऑफ द रोड’ म्हणजे ‘भर रस्त्यात’, ‘इन द मिडल ऑफ द नाईट’ म्हणजे प्रसंगानुसार ‘ऐन मध्यरात्री’ किंवा ‘अपरात्री’, आणि कोणी ‘इन द मिडल ऑफ ईटिंग’ उठला असेल तर तो ‘भरल्या ताटावरून’ उठला.