रि: रि: दिवाळीची तारीख / कुठली मॅच डोक्यातून जात नाही?

बंड्या (कँटन) लिहितो:

मंडळी, कमिटीतल्या एका सभासदाने लिहिलंय की "मिशिगन-मिशिगन स्टेट काय दरवर्षीच असते, दिवाळी त्याच शनिवारी ठेवू". अहो असते दरवर्षी ही कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची मॅच, पण कुठल्या वर्षी काय होईल ते आधी कळतं का? डोक्यातून न जाणारी मॅच कुठली म्हणाल तर मी ईस्ट लान्सिंगचा, म्हणजे मिशिगन स्टेटचा, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं, 17 ऑक्टोबर 2015. मिशिगन 23-21 ने पुढे, दहा सेकंद शिल्लक, बॉल त्यांच्याकडेच, नुसता पंट मारायचा, म्हणजे बॉल लांब लाथाडायचा, आणि घरी जायचं. स्नॅप, म्हणजे मागे फेकलेला बॉल, खाली आला, त्यांच्या पंट मारणाऱ्या ओ'नीलला धरता आला नाही, उचलून तसाच मारायला गेला आणि बॉल उडाला तो थेट आमच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात, 38 यार्ड पळाला, टचडाउन (सहा गुण), घड्याळात शून्य, 27-23. आख्ख्या मॅचमध्ये आम्ही एकदाही पुढे नव्हतो, पुढे गेलो तेव्हा मॅच संपलेली! आणि त्या बिचाऱ्याचं त्याच प्लेमध्ये खुब्याचं हाड मोडलं, म्हणजे हिरो झाला आणि सीझनही संपला.

अण्णा (ॲन आर्बर) लिहितात:

बंडोपंत, दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर हे उकरून काढायचंच का? मी मिशिगनवाला, त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो. शेजारचे लोक जॅकेटं चढवून जिन्याकडे निघाले होते, आणि मग बिग हाऊसमध्ये, म्हणजे आमच्या स्टेडियममध्ये, लाखावर माणसं असूनही फक्त एका कोपऱ्यातून, तुमच्या हिरव्या लोकांचा आवाज. डोक्यावर दोन्ही हात ठेवलेला तो आमचा स्टुडंट टीव्हीवर दिसला आणि पुढे जगभर फिरला, तसेच आम्ही सगळे उभे होतो, फक्त आमच्यावर कॅमेरा नव्हता एवढंच.

माझं म्हणणं असं की मॅच चुरशीची झाली म्हणून लक्षात राहत नाही. 2011 ची नोत्र दाम कॉलेजविरुद्धची घ्या, बिग हाऊसमधली पहिली नाइट गेम, शेवटच्या 72 सेकंदांत तीन टचडाउन, दोन सेकंद उरले असताना आम्ही 35-31 जिंकलो. याहून चुरस काय असते? पण ती मला लोकांना सांगावी लागते. 2015 ची आठवण लोक मला करून देतात. मनात आपण आधीच जिंकून बसलेलो असतो ना, ती मॅच हरलो की पिच्छा सोडत नाही. आणि त्याच ओ'नीलने त्याच दुपारी 80 यार्डांचा पंट मारला होता, आहे कोणाच्या लक्षात?

ताई (ट्रॉय, माहेर कोलंबस म्हणा हवं तर) लिहितात:

अण्णा, हरण्याचं ठीक आहे, पण ज्या मॅचचा निकाल समोरच्याला अजून मान्य नाही ती जास्त टिकते. 2016, कोलंबस, आमची ओहायो स्टेट विरुद्ध तुमची मिशिगन, डबल ओव्हरटाइम, फोर्थ अँड वन (शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा), आमचा बॅरेट पुढे घुसला आणि अगदी रेषेवर पडला. रेफ्रींनी फर्स्ट डाउन दिला, म्हणजे पुरेसा पुढे गेला असं ठरवलं, रिव्ह्यूतही तोच राहिला, पुढच्याच प्लेला सॅम्युएलचा टचडाउन, 30-27. तुमचे तेव्हाचे कोच हारबॉ प्रेसपुढे हात पसरून "एवढा कमी पडला" दाखवत होते, त्यापायी मिशिगनला 10,000 डॉलर दंड झाला. आमच्याकडे विषय संपलाय, पण ॲन आर्बरच्या कुठल्याही पार्टीत "स्पॉट" (बॉल नेमका कुठे थांबला ती जागा) एवढंच म्हणून बघा, जेवण थंड होतं.

अण्णा:

कमी पडला होता. दोन्ही अँगलने.

माई (नोव्हाय) लिहितात:

मला त्यातलं काही कळत नाही, पण 2015 माझ्याही लक्षात आहे. नवरात्र होतं, शाळेच्या कॅफेटेरियात आपला भोंडला. पाटावरच्या हत्तीभोवती आम्ही फेर धरलेला आणि निम्मे पुरुष पार्किंग लॉटमध्ये गाडीतला रेडिओ लावून बसलेले. खिरापत ओळखायची वेळ आली, कोणी वाटली डाळ म्हणतंय, कोणी साटोऱ्या, आणि हा बंड्या ओरडत आत आला. मला वाटलं कोणाला काही झालं! त्याच्या मागून मिशिगनचे निळे शर्टवाले आले ते खिरापत न घेताच कोटांकडे वळले. त्यातल्या एका जोडप्यातली बायको हिरव्यातली, ती फुगडी सोडायला तयार नाही, नवरा किल्ल्या वाजवत दारात उभा. एकाच घरात दोन पोरं दोन कॉलेजांत असलेली कुटुंबं आहेत आपल्यात, त्यांचं काय होत असेल कोण जाणे.

बंड्या:

माई, त्या जोडप्याकडे दोन टीव्ही आहेत आता. आणि अण्णा, तुम्ही जिंकून बसला होतात ते खरं, पण आम्ही हरून बसलो होतो हेही धरा की! मी तर "पुढच्या वर्षी बघू" असा मेसेज टाइप करून ठेवलेला, फक्त पाठवायचा राहिला होता. रविवारी देशी ग्रोसरीत कोण भेटणार आणि तो काय बोलणार याची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते, ते नसतं तर कोण कुठली टीम, मला काय देणंघेणं.

कमिटीतर्फे:

मॅचच्या शनिवारी हॉल तसाही मिळत नाहीये. रविवारी दुपारी चारचा मिळतोय, फक्त साउंड सिस्टिम आपली आणावी लागेल. कोणाची हरकत?

माई:

माझी नाही. पण नक्की काय ते या आठवड्यात सांगा, चकलीची भाजणी दळायची आहे.

अण्णा:

चालेल. बंड्याला सूत्रसंचालन देऊ नका.