सड्यावर जंगल नव्हतंच, की आपण ते तोडलं?

कातळफूल:
सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट, उघडं कातळी पठार. पावसाळा आला की 'ओसाड सडा हिरवा करूया' म्हणत झाडांसाठी खड्डे खणणं सुरू होतं. माझा याला ठाम विरोध आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. भोवतालचा खडक झिजून दऱ्या पडल्या, हे कठीण टोपण तेवढं उरलं. माती उतारावर गेली आणि सदाहरित रान तिथे वाढलं. वर माती इंच-दोन इंच. जुलैत पाणी तुंबतं, एप्रिलमध्ये पाय भाजतात. मोठं झाड मूळ धरणार कुठे? तिथे सीतेची आसवं फुलते, मातीत नत्र फार कमी म्हणून बारीक जीव पकडून जगते.

चिरेखाण:
मग महाबळेश्वरचं काय? तेही जांभ्याचंच पठार, आणि वर जांभूळ, अंजनी, हिरड्याचं दाट रान. शिवाय चिरा, म्हणजे जांभ्याचा बांधकामाचा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो, हवा-उन्हाने टणक होतो, हे खाणीवरचा कुणीही सांगेल. म्हणजे क्रम उलटाही असू शकतो: आधी कुमरी शेतीसाठी (रान तोडून, जाळून केलेली शेती), कोळशासाठी रान तुटलं, मग माती वाहून गेली आणि उघडा पडलेला कातळ कडक झाला. आपणच केलेली जखम 'नैसर्गिक' म्हणून तशीच ठेवायची?

कातळफूल:
महाबळेश्वरला पाऊस पाच हजार मिलिमीटरहून जास्त, आणि रान जिथे माती खोल तिथेच. शेजारच्या पाचगणीत पाऊस निम्म्याहून कमी, तिथलं टेबल लँड बघा, उघडा सपाट कातळ. आणि वायतुरा या पाणवनस्पतीचं काय करणार? तो उत्तर सह्याद्रीच्या पठारांवरच्या उथळ पाण्यातच येतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. अशी जात दोन-तीनशे वर्षांच्या कुऱ्हाडीतून जन्मत नाही.

राजापूरकर:
आमच्याकडची कातळशिल्पं विसरू नका. बारसू, कशेळीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसाने आकृत्या कोरल्या. मातीखालच्या दगडावर कुणी कोरत नाही. कातळ तेव्हाही उघडाच होता.

चिरेखाण:
तो तुकडा उघडा होता, एवढंच त्यातून कळतं. कशेळीत हत्ती कोरलाय. हत्ती जगायचा तर जवळपास चांगलं रान हवं. वायतुऱ्याचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याने काही जागा जुन्या ठरतात, सगळे सडे नाहीत. भेगांत माती साठली की आजही करवंद, जांभूळ उगवतंच. खड्डे नकोत, मान्य. पण एक तुकडा गुरं आणि वणव्यापासून राखा, काय उगवतं ते पाहू.

कातळफूल:
राखण्यातही धोका आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर कुंपणाने गुरं थांबली, तेव्हा उंच गवत माजून फुलं कमी झाल्याची तक्रार गावकऱ्यांनीच केली होती. तुकडा राखायचाच तर कडेचा, भेगांचा निवडा. मधल्या डबक्यांच्या कातळाला हात लावू देणार नाही.