डेट्रॉईट खरोखरच सावरते आहे का?

प्रश्न :
जानेवारी १९८८मध्ये शेवटची गाडी सुटल्यापासून ओसाड पडलेले, अमेरिकेतील मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉईटचे मिशिगन सेंट्रल रेल्वे स्थानक फोर्ड कंपनीने २०१८मध्ये विकत घेतले आणि जून २०२४मध्ये ते नव्या रूपात उघडले. तेव्हापासून शहराच्या पुनर्जन्माचे मथळे सतत वाचनात येतात. १९५०मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेल्या शहरात २०२०च्या जनगणनेत जेमतेम ६ लाख ३९ हजार माणसे उरली होती. एका इमारतीवरून एवढा निष्कर्ष काढावा का? शिवाय हे शहर जपानी मोटारींनी बुडवले, हे कितपत खरे?

प्रतिसाद १ :
आधी दुसऱ्या प्रश्नाविषयी. जपानी मोटारींचा तडाखा बसला तो १९७३च्या तेलसंकटानंतर. गळती मात्र त्याच्या वीसेक वर्षे आधीच लागली होती. जुने कारखाने बहुमजली होते, युद्धानंतर एकाच मजल्यावर ऐसपैस पसरणारे कारखाने सोयीचे ठरू लागले, आणि तेवढी सलग मोकळी जमीन शहराच्या हद्दीबाहेरच होती. कारखान्यांपाठोपाठ गोरी कुटुंबे नव्या महामार्गांवरून उपनगरांत गेली. कृष्णवर्णीयांना तिथे घर मिळणे दुरापास्त होते. पॅकार्ड या मोटार कंपनीचा अवाढव्य कारखाना १९५६मध्येच थंडावला, म्हणजे शहरात ४३ बळी घेणाऱ्या १९६७च्या वांशिक दंगलीच्या अकरा वर्षे आधी. सारे खापर दंगलीवर फोडणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा.

माणसे तशी फार लांब गेलीच नाहीत. महानगर प्रदेशात आजही चाळीस लाखांहून अधिक लोक राहतात. हद्दीबाहेर गेला तो त्यांचा कर. सुमारे ३६० चौरस किलोमीटरमधले रस्ते, जलवाहिन्या आणि कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतने महापालिकेच्या गळ्यात राहिली, आणि जुलै २०१३मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा देणी १८ अब्ज डॉलरच्या घरात होती.

प्रतिसाद २ :
सहमत, पण सावरण्याची सुरुवात मला त्या दिवाळखोरीतच दिसते. देणी भागवण्यासाठी शहराच्या कलासंग्रहालयातील चित्रे विकण्याचा विचार चालला होता. ज्या संग्रहालयाच्या भिंतींवर मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने मोटार कारखान्यातले कामगार रंगवले आहेत, तेच हे संग्रहालय. अखेर धर्मादाय न्यास, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रकमेची हमी दिली. चित्रे वाचली, निवृत्तांना कपात सोसावी लागली, पण आधी भीती होती तेवढी नाही.

त्यानंतर २०१६च्या अखेरीपर्यंत सुमारे ६५ हजार एलईडी पथदिवे लागले. स्थानकाचे छायाचित्र सुंदर येते हे मान्य, परंतु दोन घरे, मध्ये पाडलेल्या घरांच्या जागी वाढलेले गवत, आणि तरीही दिवा असलेला रस्ता, हे दृश्य मला अधिक बोलके वाटते.

प्रतिसाद ३ :
अमेरिकेतलेच पिट्सबर्गही पाहावे. पोलाद उद्योग गेल्यावर विद्यापीठे आणि रुग्णालये यांनी ते शहर तगवले, तरी १९५०मधली पावणेसात लाख वस्ती २०२०मध्ये तीन लाखांवर आली होती. गेलेली माणसे परतणे ही सावरण्याची अट धरली, तर पिट्सबर्गलाही नापास करावे लागेल.

प्रश्नकर्ता :
आभार. २०२३च्या अंदाजात डेट्रॉईटची लोकसंख्या १९५७नंतर प्रथमच किंचित वाढली, असे वाचले. आता त्या आकड्यापेक्षा, ही नवी कुटुंबे मध्यवर्ती भागात राहतात की त्या गवताळ रस्त्यांवर, हे शोधतो.