हसायला गेलो नि तसेच परतलो: तुमचेही अनुभव सांगा

मांडवीकाठ: आज कपाट आवरताना सासूबाईंच्या जुन्या पर्समध्ये नाटकाचं तिकीट सापडलं. मुंबईहून नवंकोरं कौटुंबिक विनोदी नाटक आलेलं. पहिला अर्धा तास सोसायटीची मीटिंग, बंद लिफ्ट, विरार लोकल. इथे पणजीत त्याला कोण हसणार? मग सून ओरडते, नवरा सोफ्यामागे लपतो. परत ओरडते, परत लपतो. तिसऱ्यांदा लपला तेव्हा सासूबाई शालीतून मोठ्याने म्हणाल्या, "अगो, ताका भायर काड!" चार रांगा फुटल्या. अख्ख्या प्रयोगात तेवढाच हशा.

पिंपळकट्टा: मध्यंतरातला बटाटावडा तरी बरा होता?

मांडवीकाठ: संपलेला. चहा म्हणजे साखरेचा पाक.

साखळीची लेक: आमच्या वाड्यावरच्या जत्रेत बाबा सासऱ्याच्या पार्टात. प्रॉम्प्टरचा आवाज एवढा खणखणीत की वाक्य आधी आम्हाला कळायचं, मग बाबांना. एकदा त्याने "रडत" असं कंसातलं वाचलं, बाबांनी तेही म्हणून टाकलं. तरी पहाटेपर्यंत कोणी उठलं नाही, खाज्यांच्या पुड्या मांडीवर. तिकीट नव्हतं ना, म्हणून निराशाही नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

सासष्टीकर: म्हणून मी तियात्राला, आपल्या कोकणी गाण्यांच्या नाटकाला, जातो. विनोद पडला तरी दोन पडद्यांच्या मध्ये कांतार, म्हणजे गाणं, येतं, पैसे तिथे वसूल. गंमत बघा, पहिलं तियात्र झालं मुंबईत, 17 एप्रिल 1892 ला. आपण त्यांना तियात्र दिलं, त्यांनी आपल्याला सोफा पाठवला 😄

पिंपळकट्टा: 😂😂

नवीन सून: मी लग्नानंतर पहिल्यांदाच सासरच्यांबरोबर गेलेले. नाटकात सासूवर विनोद सुरू झाला की नजर खाली. एकदा चुकून हसले. घरापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

साखळीची लेक: अगं बाई! मग?

नवीन सून: मग काय, दुसऱ्या दिवशी सासूनेच तो विनोद शेजारणीला सांगितला. माझ्यापेक्षा बरा सांगते.

फोंडेकर: विषयांतर. आयताराला मडगावच्या रवींद्र भवनात प्रयोग आहे, गाडी लावायला जागा मिळेल का?

साखळीची लेक: मांडवीकाठताई, सासूबाई कशा आहेत आता?

मांडवीकाठ: ठणठणीत. आत्ताच तिकीट दाखवलं. म्हणाल्या, "तो अजून सोफ्याफाटल्यान आसा?"

सासष्टीकर: @फोंडेकर, तासभर आधी पोचा. शाल न्या.