मिंट एररला मराठीत काय म्हणावं?

नाण्यांच्या नादात ‘मिंट एरर’ (टाकसाळीत नाणं तयार होतानाच झालेली चूक) आणि ‘डॅमेज’ (नंतर झालेली खराबी) हे दोन शब्द सारखे येतात. मराठीत बोलताना दोन्हीला ‘खराब नाणं’ म्हणून मोकळे होतात लोक आणि मग सगळा घोळ. वेगवेगळे शब्द सुचवा ना.

— टाकसाळीची खोट?

— खोट नको. ‘खोटं नाणं’ म्हटलं की बनावटच डोळ्यापुढे येतं, आणि एरर नाणं तर शंभर टक्के अस्सल असतं. मला वाटतं क्रियापदच धरा, आपण नाणी ‘पाडतो’, तर पाडताना झाली ती ‘पाडचूक’ आणि टाकसाळीतून बाहेर पडल्यावर जे काय भोगलं तो ‘मार’. पाडचुकीत परत चकतीची (नाण्याच्या कोऱ्या धातूची), ठशाची (चित्र-अक्षरं उमटवणाऱ्या साच्याची), ठोक्याची (ठसा चकतीवर आपटतानाची) असे तीन प्रकार, आणि हे शब्द तोंडात बसले की आपोआप विचारलं जातं की हे नेमकं कुठल्या टप्प्यावर झालं असेल, तिन्हीत कुठेच बसत नसेल तर बहुतेक वेळा मारच निघतो. नुसती ‘रेघ’ घ्या. ठशाला तडा गेला की ठोक्याच्या वेळी धातू त्या फटीत घुसतो, म्हणून नाण्यावर ती रेघ वर आलेली असते, बोटाला नाही तरी भिंगाला कळते. ओरखडा खोलगट असतो आणि त्याच्या काठाला बाजूला ढकललेल्या धातूचा बारीकसा बांध दिसतो. दोन्हीला रेघच म्हणत राहिलात तर भिंग घेऊन काय उपयोग!

— आणि डबल? अक्षर दोनदा दिसलं की जो तो डबल डाय, म्हणजे दुहेरी ठसा, म्हणत सुटतो.

— तिथेच खरी मारामारी आहे. 1955 चं अमेरिकन सेंट बघा, तिथे ठसा तयार करतानाच अक्षरं दोनदा उमटली, त्यामुळे नाण्यावर दोन्ही अक्षरं चांगली उठावदार आणि टोकांना फाटे फुटलेले. पण ठोका बसल्यावर ठसा जरा सैल हलला तर अक्षराचा काठ चेपून सपाट पायरी होते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. याला संग्राहक विचारत नाहीत.

— पण तेही टाकसाळीतच झालं ना? मग तुमच्या हिशोबाने पाडचूकच.

— हो, बरोबर पकडलंत. त्याला वेगळं ‘सरक’ म्हणू, पाडचुकीच्या घरातली पण मान नसलेली.

— सरक आवडला. कड कापलेलं असेल तर?

— समोरची कड बघायची. चकतीच अर्धवट कापलेली आली असेल तर तिची कड वळवताना त्या जागी दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कड बहुधा पुसट राहते. ती ‘तुटकी चकती’. समोरची कड ठसठशीत आणि कापल्याजागी कानशीचे ओरखडे असतील तर कुणीतरी नंतर कापलंय, त्याला वेगळा शब्द कशाला, मारच.